नकाशात नसलेली खोली

या कॉफीच्या दुकानाच्या जवळजवळ मधोमध एक खांब आहे. दारातून आत आलं की चार पावलांवर तो आडवा येतो. नवा माणूस डावीकडून जावं की उजवीकडून, अशा विचारात क्षणभर थबकतो. रोजची माणसं त्याच्याकडे न बघता डावीकडून वळतात. तेवढ्यावरून मला रोजचं गिऱ्हाईक ओळखू येतं.

तो खांब तिथे कुणी हौसेने उभा केलेला नाही. वर सात मजले आहेत, मजल्यावर चार घरं, आणि त्यातल्या कुठल्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतीत दडवलेला खांब उतरत उतरत तळमजल्याच्या गाळ्यात येऊन उघडा पडलाय. हे मला बसल्या जागी कळतं, कारण ३१ वर्षं मी तेच काम केलं. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नकाशे काढायचे. आधी टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रोट्रिंगचं पेन. रेघ चुकली की ब्लेडने हलकेच खरवडायची. मग संगणक आला, ऑटोकॅड आलं. खांब घरातल्या माणसांना दिसता कामा नये, तो भिंतीत किंवा कपाटामागे गेला पाहिजे, यासाठी आम्ही तासन्‌तास डोकं लावायचो. तोच खांब खाली दुकानात कुठे निघेल याचा विचार शेवटी व्हायचा, झालाच तर.

इथल्या मालकाने मात्र त्या खांबाचं सोनं केलं. पुढच्या अंगाला फळी ठोकून तिच्यावर साखरेच्या पुड्या, टिश्यू आणि पाण्याचा जग ठेवला. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे कप्पे केले. आणि मागच्या अंगाला दोघांपुरतं एक टेबल टाकलं, जे दारातून दिसत नाही. त्या टेबलाबद्दल पुढे सांगायचं आहे.

दुकान गोखले रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत आहे. पूर्वी त्या जागी कौलारू दुमजली घर होतं आणि पुढे लांबलचक ओटा. नौपाड्यातली असली घरं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एकेक करून रिडेव्हलपमेंटला गेली. संध्याकाळी त्या ओट्यावर चार-सहा माणसं हमखास बसलेली असत. कुणी पेपर चाळत, कुणी नुसतं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत. ओट्यावर बसायला काही विकत घ्यावं लागत नसे. आता तिथे गाड्या लागतात.

फरशी दोन फुटी आहे, त्यामुळे टेप लावायची गरज नाही. रुंदीला सात फरश्या, लांबीला सतरा. म्हणजे १४ फूट बाय ३४ फूट, ४७६ चौरस फूट. एवढ्या जागेत ठाण्यात वन बीएचके बसवतात आणि त्यात पाच माणसं संसार करतात. इथे एका वेळी २६ जण बसू शकतात. आत येताच डाव्या हाताला काउंटर. बऱ्याच दुकानांत कॉफीचं मशीन काउंटरवर समोरच उभं करतात, त्याच्यामागे मुलाचं तोंड झाकलं जातं आणि गिऱ्हाइकाला मशीनशी बोलल्यासारखं वाटतं. इथे मशीन बाजूच्या भिंतीला लावलंय. कॉफी काढताना मुलगा मान जराशी वळवतो आणि त्याला दार दिसतं. दार उघडलं की तो हातातलं काम न थांबवता "या काकू" म्हणतो. मशीन नव्वद अंशांत फिरवल्याने एवढी गोष्ट घडते. मालकाने हे ठरवून केलं की प्लंबिंगच्या सोयीने झालं, मी विचारलेलं नाही. पण झालं ते उत्तम झालं.

उजव्या भिंतीला सलग गादीचा बाक आहे, त्याच्यापुढे दोन-दोन माणसांची चौकोनी टेबलं. माणसं वाढली की टेबलं जोडायची. मागे उंच लांब टेबल, त्याला स्टुलं आणि खाली विजेचे प्लग. दर्शनी काचेला तीन खुर्च्या, रस्त्याकडे तोंड केलेल्या, एकेकट्या. अगदी मागे पोटमाळ्याच्या जिन्याखाली बेसिन आणि टॉयलेट. टेबल ७५ सेंटिमीटर, खुर्ची ४५. मागचं टेबल १०५, स्टूल ७५. दोन्हीकडे फरक ३० सेंटिमीटरचा, कारण माणसाच्या मांडीला आणि कोपराला लागतं ते अंतर तेवढंच. उंची बदलली तरी शरीर तेच राहतं. मी हे शेकडो वेळा काढलंय आणि तरी कागदावर काढताना कधी कुणी त्यावर बसलेलं माझ्या डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

बाक नेहमी कोपऱ्यांपासून भरतो. मधली जागा शेवटी. माणसाला पाठीशी भिंत लागते, पाठ उघडी टाकून बसायला फारसं कुणी तयार नसतं. एसीच्या झोताखालचं टेबल मे महिन्यात पहिलं जातं आणि जुलैत ओल्या कपड्यांनी आलेली माणसं त्याच्याकडे फिरकत नाहीत. आणि एक गोष्ट मी इथेच पहिल्यांदा नीट पाहिली. माणूस खुर्चीवर बसण्याआधी ती खुर्ची इंचभर तरी हलवतो. जागा बरोबर असली तरी हलवतो. विल्यम व्हाईट नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या चौकांत कॅमेरे लावून माणसं कशी, कुठे बसतात याचं चित्रण केलं होतं. त्याच्याही नजरेत हेच भरलं होतं. सुटी खुर्ची असेल तर माणूस ती थोडीशी सरकवतो आणि मग बसतो. तेवढ्या सरकवण्याने ती खुर्ची त्याची होते. आमच्या ऑफिसात हे कुणी सांगितलं असतं तर मी पुढची तीस वर्षं फर्निचर वेगळ्या नजरेने काढलं असतं.

मशीनवरचा मुलगा आसनगावहून येतो. लोकलने एका बाजूला सव्वा तास. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याने आयुष्यात एकदाही अशी कॉफी प्यायलेली नव्हती. आता तो १८ ग्रॅम पूड काट्यावर तोलतो, दाबून बसवतो, घड्याळ लावतो. २५ ते ३० सेकंदांत दोन धारा पडल्या पाहिजेत. लवकर पडल्या तर पाणचट, उशीर झाला तर जळकट कडू. पावसाळ्यात हवा बदलली की पूड पाणी पकडते आणि त्याला रोज सकाळी दळण बदलावं लागतं. "दळण" हा शब्द त्याचाच. गावी त्याच्या चुलत्याची गिरणी आहे, ज्वारीला वेगळं आणि तांदळाला वेगळं दळण असतं हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पहिले दोन-तीन कप तो स्वतः चाखून ओतून देतो. त्याच्या पाकिटांवर चिकमंगळूर लिहिलेलं असतं. एकदा त्याने मला फोनवर कॉफीच्या मळ्याचं चित्र दाखवलं, उन्हाळ्यातल्या पहिल्या सरींनंतर फांद्यांना लागून फुललेली पांढरी फुलं. "मोगऱ्यासारखा वास येतो म्हणे, काकू. एकदा जाऊन बघायचंय."

आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ. आई अख्खं जायफळ चंदनासारखं सहाणेवर उगाळायची, दूध उकळताना त्यात वेलची आणि चिमूटभर कॉफीची पूड, बाकी साखर. ती रोज होत नसे. पाहुणे रात्री उशिरापर्यंत बसले, कुणाकडे गाण्याची बैठक झाली, परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं असलं, की व्हायची. चहा उभ्याने पिता येतो, दारातून घोटभर घेऊन निघता येतं. कॉफी विचारली म्हणजे अजून बसा. जायफळ गेलं, पण तो अर्थ टिकला आहे. १९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं तेव्हा तिथे कॉफीच्या जोडीला इंटरनेट मिळायचं. तेव्हाही माणूस मुख्यतः खुर्चीचेच पैसे मोजत होता. मी इथे एका कपाचे २२० रुपये देते. माझ्या नणंदेला हे समजलं तेव्हा ती हळहळली. पण मला पक्कं ठाऊक आहे की त्यातले फार थोडे कॉफीचे आहेत.

बाकाच्या दाराजवळच्या टोकाला एक विमा एजंट बसतात. साडेदहाला येतात, फाइल उघडतात, आणि दिवसाकाठी तीन-चार माणसं त्यांना येऊन भेटून जातात. गिऱ्हाइकाला ते कधीच पाठ उघडी टाकून बसवत नाहीत, भिंतीकडची जागा त्याला देतात आणि स्वतः खुर्ची घेतात. समोरच्याला पाठीशी आधार असला की तो सही करताना कमी बिचकतो, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं. सतराव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये एडवर्ड लॉइड नावाच्या माणसाचं कॉफीचं दुकान होतं. तिथे जहाजांचे मालक, कप्तान आणि व्यापारी जमायचे, आणि जहाजं बुडाली तर भरपाई कुणी द्यायची याचे करार त्या टेबलांवर व्हायचे. जगातला सर्वांत नावाजलेला विमा बाजार त्या दुकानातून उभा राहिला आणि आजही त्याच कॉफीवाल्याचं नाव लावतो. हे मी आमच्या एजंटना सांगितलं तर ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी धंद्याच्या मूळ जागेवरच बसलोय की." नौपाड्यात ऑफिसच्या गाळ्याचं भाडं त्यांना परवडत नाही. घरी गिऱ्हाइकाला बोलवावं तर पलंगावर बसवावं लागतं.

मागच्या उंच टेबलावर, प्लगच्या सर्वांत जवळच्या स्टुलावर, सीएचा अभ्यास करणारी मुलगी असते. अकराला येते, तीनला जाते. एक ब्लॅक कॉफी. तिच्याकडे पोळीभाजीचा डबा असतो, तो ती बाहेर पायरीवर जाऊन खाते, कारण आत बाहेरचं खायचं नाही अशी पाटी आहे. मुलं तिला काही म्हणणार नाहीत हे तिला माहीत आहे, तरी जाते. अभ्यासिकेत का जात नाहीस, असं मी विचारलं. म्हणाली, "काकू, मला पुटपुटल्याशिवाय लक्षात राहत नाही. अभ्यासिकेत सगळे वळून बघतात. इथे एवढा आवाज असतो की माझा कुणाला ऐकू येत नाही." शांतता हवी म्हणून माणूस घराबाहेर पडतो असंच मी धरून चालले होते. तिला गोंगाट हवा होता, मात्र तो तिच्या घरातला नको होता. घरातला गोंगाट तिला नावाने हाक मारतो.

रविवारी दुपारी चारनंतर खांबामागच्या टेबलाला मागणी येते. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही थोडी जास्त नीटनेटकी. मुलगी बहुधा आधी येते आणि काउंटर दिसेल ती खुर्ची घेते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्यात योगायोग उरलेला नाही. दारातून ती कुणाला दिसत नाही, पण मशीनवरच्या मुलाला दिसते. हवी तेवढीच आड आणि हवी तेवढीच उघडी. मी त्यांचं बोलणं ऐकायला जात नाही, पण चौदा फुटांत कान मिटूनही घेता येत नाहीत. पगार, कर्ज, आईवडील कुणाकडे राहणार, मूल हवं की नको, ठाण्यात घर घ्यायचं की घोडबंदरला पुढे कासारवडवलीपर्यंत जायचं, हे सगळं तासाभरात होतं. बिल आलं की दोघांचे फोन एकदम पुढे येतात. १९८९ साली मला बघायला आले तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं होती. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, बशा वाटल्या, आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याशी दोन वाक्यं बोलले. त्यातलं एक "अजून घ्या ना" हे होतं. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण त्या टेबलाकडे बघताना मला दर वेळी वाटतं, आम्हालाही एक तास आणि एक खांब मिळायला हवा होता.

नियम सांगतो की घरातल्या एका तरी राहायच्या खोलीला निदान साडेनऊ चौरस मीटर जागा हवी, रुंदी कमीत कमी २.४ मीटर.  आम्ही नियमाच्या काठाकाठाने खोल्या काढायचो. ब्रोशरसाठी वेगळा नकाशा व्हायचा, त्यात फर्निचर दाखवायचं असे. एका बिल्डरकडून निरोप यायचा की डबलबेड थोडा लहान काढा, सोफ्याची खोली कमी करा, म्हणजे चालायला जागा मोठी दिसेल. मी काढून द्यायचे. साडेपाच फुटी पलंग काढलाय मी, ज्यावर माझा नवरा पाय दुमडून झोपला असता. ते चुकीचं होतं आणि तेव्हाही मला ते कळत होतं. २०१७ पासून घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेराचा कायदा पुरता लागू झाला, कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, स्पष्ट लिहावा लागला, फसवणूक कमी झाली. पण पलंगापलीकडचा प्रश्न कायद्याच्याही कक्षेत येत नाही. हॉल, किचन, बेडरूम, बेडरूम. झोपायची जागा, शिजवायची जागा, टीव्ही बघायची जागा. एकट्याने नुसतं बसायची जागा मी ३१ वर्षांत एकाही नकाशात काढली नाही. कुणी मागितलीही नाही. मागतील कशी, पैसे फुटावर मोजायचे असतात.

पाचपाखाडीतलं आमचं घर माझ्याच हातच्या नकाशाचं आहे. ऑफिसचंच काम होतं, थोडी सवलत मिळाली, आम्ही टू बीएचके घेतला. ५६० चौरस फूट. जेवणाचं टेबल कुठे बसेल, फ्रिजचं दार कुठे उघडेल, सगळं माझ्या डोक्यात पक्कं होतं. २०२० मध्ये घरून काम सुरू झालं. मुलाचं ऑफिस एका बेडरूममध्ये आलं, सुनेचं जेवणाच्या टेबलावर. २०२२ मध्ये मी निवृत्त झाले आणि पहिल्याच सोमवारी सकाळी दहा वाजता घरात उभी राहिले. मुलाचं दार बंद. सून हेडफोन लावून बोलत होती आणि मला हाताने थांबा असं खुणावत होती. हॉलमध्ये ह्यांचा टीव्ही, आवाज बंद, खाली अक्षरं. सगळे आपापल्या जागी होते, कुणाचंही काही चुकत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून चहा प्यायले. उभ्याने. मग पर्स उचलली, भाजीला जाते म्हणाले आणि राममारुती रोडवरून चालत चालत इथे पोचले. पाऊस होता. काचेजवळची खुर्ची रिकामी होती. मी ती थोडी डावीकडे सरकवली आणि बसले.

त्या दिवशी भाजी राहून गेली. घरी कुणी विचारलंही नाही.

तळ्यावर जाऊन बसता येतं की, असं ह्यांनी सुचवलं. तलावपाळीला मी लहानपणापासून जाते. कोपिनेश्वराचं दर्शन, तळ्याला फेरी, गडकरी रंगायतनच्या बाजूने परत. पण तिथे बाई फेरी मारते, नाहीतर नवऱ्याबरोबर, मुलांबरोबर बसते. कट्ट्यावर तासभर एकटी बसलेली बाई दिसली की कुणीतरी येऊन विचारतं, काही झालंय का. काळजीनेच विचारतात. इथे दोन वर्षांत मला ते कुणी विचारलं नाही. समोर कप आहे ना, मग झालं. कप हे कारण म्हणून पुरतं. देवळात बसायला हातात जपाची माळ लागते, स्टेशनवर बसायला गाडी यायची असावी लागते. माझ्या आईला अशी कुठलीच वस्तू मिळाली नाही. ती दिवसभर कुठे आणि कशी बसायची हे आठवायला गेले तर मला ती फक्त विळीवर बसलेली दिसते.

बाजूच्या खिडकीतून पार्सल देतात. तिथे डिलिव्हरीवाली मुलं थांबतात. दहा मिनिटं, कधी वीस. पावसात ती पत्र्याच्या वळचणीला अंग चोरून उभी असायची, एका हातात फोन, पाठीवर पिशवी. मी मालकाशी बोलले. भला माणूस आहे, त्याने दारालगत आतल्या बाजूला दोन स्टुलं ठेवली. पण ती मुलं त्या स्टुलांवर बसत नाहीत, नुसती टेकतात. एक पाय जमिनीवर, तोंड दाराकडे. खुर्ची सरकवणारं त्यांच्यात मी अजून कुणी पाहिलेलं नाही. स्टुलावर काही लिहिलेलं नाही, तरी ते त्यांना वाचता येतं. हे कसं बदलायचं ते मला नकाशावर काढून दाखवता येत नाही. ओटा असता तर ती तिथे बसली असती.

आता काचेजवळच्या तिसऱ्या खुर्चीबद्दल.

मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी नऊला एक गृहस्थ येतात. बहात्तर-पंचाहत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. गल्लीच्या तोंडाशी समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर डायलिसिस सेंटर आहे, तिथे त्यांची बायको असते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. सेंटरमध्ये नातेवाइकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, पण तिथे बसून बसून त्यांना स्वतःलाच आजारी वाटायला लागलं. म्हणून इकडे. नऊला एक कॉफी, अकराला दुसरी. फोन टेबलावर उताणा.

सुरुवातीला ते कुणाशी बोलत नसत. एक दिवस उठून काउंटरपाशी गेले आणि मशीनवरच्या प्रेशरच्या काट्याकडे बोट दाखवून मुलाला विचारलं, "हा किती दाखवतो?" "नऊ बार, आजोबा." "नऊ? एवढ्याशा कपाला?" मग त्यांनी त्याला सगळं विचारून घेतलं. पाणी कुठून येतं, वॉशर कधी बदलता, वाफेचा व्हॉल्व्ह वेगळा आहे का. मुलगा खुलला. त्याला इतक्या आपुलकीने मशीनबद्दल कुणी विचारलं नव्हतं. परत येताना ते माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ताई, वरच्या मशीनवरही प्रेशरचे आकडे दिसतात. मी रोज बघतो. तिथली सिस्टर म्हणते, आजोबा, तुम्हाला काय कळतं त्यातलं. अहो, आयुष्यभर मी आकडेच बघितले. वर गेला की कान टवकारायचे, एवढं तरी कळतं." तेव्हापासून आम्ही बोलतो. थोडंच. बहुतेक वेळ ते काचेतून समोर बघत असतात, आणि रस्त्यावर रिक्षांची कोंडी झाली तरी त्यांची नजर तिच्या वरूनच जाते.

गेल्या पावसाळ्यात एका बुधवारी ते आले. बुधवारी कधी येत नाहीत. बरोबर बायको होती, बारीक, फुलाफुलांची साडी, उजव्या हाताला पट्टी. दारात उभ्या राहून त्यांनी दुकान सावकाश बघून घेतलं, खांब, पुस्तकं, बाक, मागचं टेबल. "इथे बसता होय चार तास," म्हणाल्या. ते तिला घेऊन तिसऱ्या खुर्चीपाशी आले आणि तिथे त्यांची पंचाईत झाली, कारण त्या खुर्चीवर ते नेहमी एकटेच बसलेले. शेवटी तिला त्या खुर्चीवर बसवलं, बाकाकडची एक खुर्ची ओढून आणली, जवळ ठेवली, मग जरा मागे घेतली, मग परत पुढे, आणि बसले.

तिला पाणी मोजून प्यावं लागतं. दिवसभरात किती घोट, ते वहीत लिहिलेलं असतं. मुलाला ते ठाऊक होतं, आजोबांनी कधीतरी सांगितलं असणार. त्याने न विचारता लहानसा कप आणून तिच्यापुढे ठेवला. तळाशी दोन बोटं काळीभोर कॉफी, वर तपकिरी साय. "तीस मिली आहे, आजी. वहीत बसेल." तिने कप नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. एक घोट घेऊन तोंड कडू केलं, आणि दुसरा घेतला.

"इथून काय दिसतं तुम्हाला?" तिने विचारलं.

त्यांनी काचेला बोट लावून दाखवलं. "दुसरा मजला. डावीकडून तिसरी खिडकी. ती तुझी."

ती वाकून बघत राहिली. "तिथून हे दुकान दिसत नाही हो. पडदा असतो."

पुढच्या दिवशी, गुरुवारी, मी थोडी लवकर गेले. ते आले, पहिली कॉफी झाली, माझीही झाली. अकराच्या सुमाराला मुलगा त्यांची दुसरी घेऊन आला तेव्हा मी वर बघितलं. डावीकडून तिसऱ्या खिडकीचा पडदा वीतभर बाजूला सरकवलेला होता.